आईचा रंग छापणारं कुणी आहे का?

माझी आई काळी आहे. गव्हाळ, निमगोरी, उजळ सावळी हे लग्नाच्या माहितीपत्रकांतले शब्द तिच्यासाठी नाहीत. तिचा रंग चांगला दाट काळा आहे आणि तो तिला फार शोभतो. पांढरं सुती पातळ, ठसठशीत कुंकू आणि तो चेहरा घेऊन ती वर्गात शिरली की चौथीची पोरं आपोआप गप्प बसायची, असं तिचे जुने विद्यार्थी आजही सांगतात. १९७२च्या दुष्काळानंतर ती जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत याच भागात शिकवत राहिली.

यंदा तिची पंचाहत्तरी. आम्ही भावंडांनी ठरवलं की सत्कार-बित्कार नको, तिच्या फोटोंचं एक नीट छापलेलं पुस्तक करायचं. काम माझ्याकडे आलं. घरातले सगळे फोटो एकदा जमिनीवर मांडले, तेव्हा दिसलं की त्यांत आईचे निदान पाच रंग आहेत. त्यातला तिचा स्वतःचा रंग फार थोड्या फोटोंत आहे. तेव्हापासून छापणारा शोधताना माझा पहिला प्रश्न कागदाचा किंवा किमतीचा राहिला नाही. हा माणूस माझ्या आईला तिच्या रंगात छापेल का, एवढंच मी विचारत गेले.

सगळ्यात जुना फोटो मिरजेच्या एका स्टुडिओतला, स्थळांना पाठवण्यासाठी काढलेला. त्यात आई चक्क गोरी आहे. तोंडाला पावडर लावली होतीच, पण खरं काम नंतर झालं होतं. त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक रेघा आणि ठिपके भरत. निगेटिव्हवर शिसं चढलं की तिथून प्रकाश कमी जातो आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. सुरकुत्या, देवीचे व्रण आणि रंग, सगळं याच पेन्सिलीखाली जायचं. हे हाताचं काम होतं, त्यात कसब होतं, आणि मुलीचं लग्न जमावं ही कळकळसुद्धा होती. तरी तो फोटो हातात घेतला की मला वाईट वाटतं. बावीस वर्षांच्या मुलीला तिचा चेहरा दुरुस्त करून परत दिला होता.

नंतरचे काळे-पांढरे फोटो, काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले, मध्ये बटर पेपर घातलेले, सगळ्यात प्रामाणिक आहेत. ते चांदीचे फोटो. आजही तसेच्या तसे आहेत. मग रंगीत फोटोंचा काळ आला आणि सगळे प्रिंट लालसर होत गेले. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक रंगीत कागदांमधलं निळसर रंगद्रव्य, ज्याला छपाईवाले सायन म्हणतात, ते अंधारात कपाटात ठेवलं तरी उडत जातं. मागे लालसर छटा उरते. त्यात भर म्हणजे त्या वेळी सगळ्यांनी हौसेने घेतलेले चिकट पानांचे, वरून प्लॅस्टिक ओढायचे अल्बम. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोला सोडत नाही. असा अल्बम तुमच्याकडे असेल तर फोटो ओढून काढू नका. वरचं प्लॅस्टिक अलगद उचलून पानासकट स्कॅन करा. फोटो काढायचाच असेल, तर त्याच्या मागून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवत न्यावा.

गोरेपणाकडे झुकणारा हात एकट्या स्टुडिओवाल्याचा नव्हता, हे मला या शोधात कळलं. रंगीत छपाईच्या यंत्रांचा मेळ जमवायला कोडक कंपनी लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या कार्डावरची बाई कंपनीतलीच, नाव शर्ली, म्हणून ते ‘शर्ली कार्ड’. १९५०च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं तिची त्वचा बरोबर आली म्हणजे यंत्र बरोबर, असा हिशेब होता. गडद रंगांतले बारीक फरक फिल्ममध्ये नीट उतरत नाहीत, अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांकडूनही आली होती. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेली कार्डं आली ती १९९०च्या दशकात. आमच्या घरातले बहुतेक रंगीत फोटो त्याआधीचे. म्हणजे जत तालुक्यातल्या मास्तरीणबाईंचा फोटो छापताना मापाला एक परदेशी गोरी बाई धरलेली होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या लाल झालेल्या फोटोंकडे पाहत बसले.

आता यंत्रं संगणकावर चालतात, पण सवय गेलेली नाही. बऱ्याच लॅबमध्ये आणि ऑनलाइन सेवांमध्ये फोटो छापायला जाण्याआधी आपोआप ‘सुधारला’ जातो. चेहरा ओळखला जातो, उजेड वाढतो, त्वचा गुळगुळीत होते. यामागे एक व्यावहारिक कारण आहे आणि ते समजून घेतलं की लॅबवाल्यावर राग येत नाही. आपण फोटो पाहतो ते मोबाइलच्या झगमगीत पडद्यावर. तो स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. कागद मात्र खोलीतल्या उजेडावर जगतो. त्यामुळे तोच फोटो कागदावर अंधारलेला वाटतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. ते टाळायला लॅबवाला आधीच डेन्सिटी, म्हणजे छपाईतला गडदपणा, कमी करून ठेवतो. लग्नाच्या अल्बममध्ये तर बहुतेकांची तशी मागणीच असते. पण ज्याला तसं नको आहे, त्याला ते बंद करता आलं पाहिजे. मी जिथे जिथे गेले तिथे हेच विचारलं, की करेक्शन बंद ठेवाल का, फाइल आहे तशी छापाल का. काही ठिकाणी समोरच्याला प्रश्नच कळला नाही. एका ऑनलाइन सेवेने ‘आमची प्रणाली सर्वोत्तम परिणाम देते’ असं उत्तर पाठवलं. तिथे आईचे फोटो द्यायचे नाहीत, हे त्या वाक्याने ठरलं.

याच सुमारास भाच्याने आईचा एक जुना फोटो कुठल्याशा एआय ॲपमधून काढून आणला. “आजी, बघ, एचडी झाला!” आईने चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, “ही कोण रे?” पापण्या लांब, नाक सरळ, गाल उजळ. ॲपला अंधूक जागी जे दिसलं नाही ते त्याने स्वतःच्या कल्पनेने भरलं होतं. आईने मोबाइल परत दिला आणि म्हणाली, “माझा धूसर आहे तोच छान आहे.” मी तो निर्णय पुस्तकभर पाळला. ओरखडे काढले, लाली उतरवली, चेहऱ्याला हात लावला नाही.

लाली उतरवताना मात्र अडचण येते. मूळ रंग कोणता होता हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी मी आईला सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं, ऊन थेट येत नाही तिथे, आणि तिच्या हातात फोटोग्राफर वापरतात तसं करडं कार्ड दिलं. करडा रंग संगणकावर करडाच दिसेपर्यंत फोटो सरळ केला की त्वचेचा रंगही जवळपास खरा येतो. तोच फोटो पुढे माझं माप झाला. आमची शर्ली म्हणा हवं तर.

मग त्या मापाचं एक चाचणी पान केलं. हा उपाय मी कुणालाही मनापासून सुचवेन. एकाच पानावर आईचे निरनिराळ्या काळातले चेहरे, खिडकीतला फोटो, एक काळा-पांढरा, आणि खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी करड्या चौकोनांची पट्टी. हेच पान वेगवेगळ्या ठिकाणी छापायला दिलं. पट्टीवर सगळं उघडं पडतं. करड्यात गुलाबी किंवा हिरवी झाक आली तर चेहऱ्यातही आलीच म्हणून समजा. शेवटचे दोन-तीन गडद चौकोन एकमेकांत मिसळून एकच काळा ठोकळा झाला, तर काळ्या केसांतली बट, काळ्या गालावरची खळी, डोळ्यांखालची सावली हे सगळं जाणार. गोऱ्या चेहऱ्याच्या अल्बममध्ये हा दोष लपून जातो. आमच्याकडे तो लपत नाही. पान दिवसाच्या उजेडात पाहायचं, ट्यूबलाइटखाली नाही.

फाइल देताना रंगांची व्यवस्था एसआरजीबी, म्हणजे मोबाइल आणि संगणक सहसा वापरतात ती, ठेवा, लॅबवाल्याने वेगळं सांगितलं नसेल तर. ॲडोबी आरजीबी या अधिक रुंद व्यवस्थेतली फाइल नुसतीच पुढे ढकलली गेली तर चेहरे फिके, मातकट येतात. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायला घेऊ नका. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. इंचाला ३०० या हिशेबाने तो जेमतेम सव्वापाच इंच छापता येईल. नातेवाइकांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. जुने छोटे प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले की दुप्पट मोठे छापता येतात. त्याहून मोठं करायचा हट्ट धरू नये.

चाचणीची पानं हातात आल्यावर फोटोबुक म्हणवणाऱ्या वस्तू दोन अगदी वेगळ्या घराण्यांतल्या आहेत हे दिसलं. एका घराण्यात फोटो खऱ्या फोटो-कागदावर उमटतो. लेझरचा प्रकाश पडतो, मग रसायनात कागद धुतला जातो, आणि रंग सलग असतात. असे कागद पाठीला पाठ लावून चिकटवतात. लग्नाचे करिझ्मा अल्बम याच वाणाचे. ही पद्धत तशी जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी तिच्या आश्रयाने फोटोंचा अल्बम मासिकासारखा निघू लागला, तेव्हा प्रत्येक प्रतीत मूळ प्रिंटच चिकटवावे लागत. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी काढलेले फोटोही त्यात होते. फोटो ठिपक्यांत फोडून शाईने छापायचं तंत्र पुढे १८८०च्या दशकात स्थिरावलं. दुसरं घराणं या ठिपक्यांचं. आजच्या डिजिटल प्रेसवर भिंगातून पाहिलं तर ठिपके दिसतात. त्यातही सुक्या टोनरची, म्हणजे भुकटी शाईची, यंत्रं आणि द्रव शाईची इंडिगो यंत्रं यांत फरक आहे. द्रव शाईचे कण फार बारीक असतात, कागदावर त्यांचा जाड थर चढत नाही आणि कडा तुकतुकीत होत नाहीत. काही प्रेसवर नेहमीच्या चार रंगांबरोबर फिका सायन आणि फिका मॅजेंटाही (गुलाबी-जांभळा) लावता येतो. त्याने त्वचेतले चढउतार खूप मऊ येतात.

गडद चेहऱ्यासाठी फोटो-कागदच सरस, हे मला चाचणी पानांवर स्पष्ट दिसलं. तरी आईच्या प्रतीसाठी मी तो घेतला नाही, कारण वजन. १२ बाय ३६ इंचांचं एक उघडं पान, कागद साधारण २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम), अशी ३० पानं धरली तर नुसता कागदच दोन किलोंवर जातो. वर पुठ्ठा, चामडं, पेटी. आईची बोटं संधिवाताने वाकली आहेत. ती पुस्तक वाचते ते आरामखुर्चीत, मांडीवर धरून. तिला उचलता न येणारं तिचं पुस्तक मला नको होतं. चकचकीत कागदही नको, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला दिव्याचं प्रतिबिंब सहन होत नाही. शिवाय चकचकीत फोटो-कागद आपल्या पावसाळ्यात दाबून ठेवले की एकमेकांना चिकटतात. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना हे सांगायला नको.

शेवटी काम पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहान प्रेसमध्ये झालं. मालकाचं वय साठीच्या पुढचं, वडिलांचा ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, त्यांनी अजून तेल घालून ठेवलेला. चाचणी पान त्यांनी उंबऱ्यापाशी उजेडात नेलं, खिडकीतल्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, आईंचा रंग हाच ना? मग बाकीच्यांत मी हात घालत नाही.” इतक्या ठिकाणी फिरताना हा प्रश्न मला प्रथमच कुणी विचारला होता.

मला पुस्तक चौकोनी, दहा बाय दहा हवं होतं. त्यांनी समजावलं, “आपला शीट तेरा बाय एकोणीसचा. दहाचं जोडपान वीस इंच होतं, ते शीटवर बसत नाही. मग सुटी पानं कापून पाठीला गोंद लावावा लागेल. आठ बाय दहा उभं करा, मी फॉर्म शिवून देतो.” फॉर्म म्हणजे एकात एक घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा. गोंद आणि शिवण यांतला फरक मोठा आहे. गोंदाने बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि जोर लावून उघडलं तर काही वर्षांनी पानं सुटतात. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक मांडीवर पसरून राहतं. आम्ही ८० पानं केली, सोळा-सोळा पानांचे पाच फॉर्म, १७० जीएसएम मॅट आर्ट पेपर. कागदाचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर असेल असाच शीट त्यांनी मागवला. ग्रेन आडवा आला तर दमट हवेत पानांना लाटा येतात आणि पुस्तक मिटत नाही. या माहितीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण माझ्या दृष्टीने चांगल्या छापणाऱ्याची ओळख हीच. जो तुमच्या हौसेला नाही म्हणतो आणि कारण सांगतो, त्याच्याकडे फोटो द्यावेत.

मजकुराचं सांगायला हवं. ऑनलाइन सेवांच्या चौकटींत देवनागरी टाकली की अनेकदा जोडाक्षरं फुटतात. एकीकडे तर ‘श्रीमती’ची दोन शकलं झाली. आईने जन्मभर पोरांची हस्ताक्षरं घोटवून घेतली. मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श, यांत तडजोड तिला चालत नाही. पेठेतल्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपी या देवनागरी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर काम होतं, त्यामुळे अक्षर सुरेख येतं. बाहेर देताना मजकूर फॉन्ट एम्बेड केलेल्या (अक्षरांचे साचे आतच बांधलेल्या) पीडीएफमध्येच द्यावा आणि छापण्याआधी प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावं. सेवेच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तक रचलं तर ते त्यांच्याकडेच अडकून राहतं. सेवा बंद पडली की दुसरी प्रत निघत नाही. स्वतःची पीडीएफ असली की कुठेही जाता येतं.

आमच्या पुस्तकात छापील मजकूर मात्र थोडाच आहे. आईने कितीतरी फोटोंच्या मागे निळ्या शाईने लिहून ठेवलं होतं: गाव, इयत्ता, कधी नुसतं ‘वादळाच्या दुसऱ्या दिवशी’. मी फोटोंच्या पाठीही स्कॅन केल्या आणि तिचं अक्षर त्या त्या फोटोखाली लावलं. वर्गाच्या फोटोंत चाळीस-चाळीस पोरं आहेत. ते फोटो जोडपानावर पसरायचा मोह होत होता, पण मध्ये घडीत कुणाचा ना कुणाचा चेहरा गेला असता. ते सगळे एकाच पानावर, लहान पण पूर्ण ठेवले. स्थळांसाठीचा गोरा फोटोही घेतला, आणि त्याच्या शेजारच्या पानावर त्याच वर्षीचा, मैत्रिणीने कुणाच्यातरी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला काळा-पांढरा. खाली काही लिहिलं नाही.

पुस्तक आईच्या हातात गेल्याला आता महिना होत आला. तिने पान उलटता उलटता दोन मुलांची नावं चुकीच्या क्रमाने लागल्याचं शोधून काढलं आणि पेन्सिलीने समासात दुरुस्त केलं. तिच्या पहिल्या शाळेतून एक प्रत मागितली आहे. ती मी याच पीडीएफवरून करणार नाही. तिथे पुस्तक टेबलावर उघडून ठेवणार आणि भोवती पोरं उभी राहून एकाच वेळी बघणार, आपले आजी-आजोबा कुठे आहेत ते बोट लावून शोधणार. त्या प्रतीला वजनाची अडचण नाही. ती मोठी, आडवी, न फाटणाऱ्या जाड फोटो-कागदावर, सपाट उघडणारी करायला दिली आहे. वर्गांचे फोटो तिथे पूर्ण रुंदीला येतील, कारण घडीत काही जात नाही. लॅब वेगळी आहे, तेव्हा चाचणी पान पुन्हा पाठवलंय, करड्या पट्टीसकट. पहिला नमुना गुलाबी आला. तो परत केला आहे, करेक्शन बंद करून दुसरा मागवला आहे.